लग्न लावणारा माणूस निवडताना



मी मूळची बडोद्याची. गेली बावीस वर्षं मेलबर्नला राहते आणि गेली नऊ वर्षं लोकांची लग्नं लावते. मी भटजी नाही, सरकारी कचेरीतली रजिस्ट्रारही नाही. मी सेलिब्रंट आहे. बडोद्याच्या माझ्या आत्याने एकदा विचारलं, "म्हणजे तू नक्की करतेस काय?" मी म्हटलं, "लग्नं लावते." ती म्हणाली, "मग तसंच सांग की!" तेव्हापासून मी तसंच सांगते.

या विषयावर बोलावंसं वाटलं ते भारतातून येणाऱ्या फोनमुळे. इंदूरहून, हैदराबादहून, बेंगळुरूहून, नागपूरहून फोन येतात. बहुतेक वेळा पलीकडे आई असते, कधी वडील. मुलगी किंवा मुलगा ऑस्ट्रेलियात. जोडीदार तिथलाच, नाहीतर भारतातल्याच दुसऱ्या प्रांतातला. मुलांनी सांगितलेलं असतं, "आम्ही सेलिब्रंट ठेवतोय." आणि घरात काळजी सुरू होते. हे लग्न खरं धरायचं का? ते लावणारं माणूस कोण? आणि आपलं असं त्यात काय उरणार?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्या तिघांबद्दल आज बोलते. बोलणं मुख्यतः ऑस्ट्रेलियाचं असेल, कारण माझं काम तिथलं आहे. दुसऱ्या देशांबद्दल जिथे सावध व्हायला हवं तिथे तेवढं सांगेन.

आधी हे माणूस आलं कुठून ते पाहू. १९७३ पूर्वी ऑस्ट्रेलियात लग्नाच्या दोनच वाटा होत्या. एक चर्चची किंवा आपापल्या धर्माची, आणि दुसरी सरकारी रजिस्ट्री कचेरीची. ज्यांचा धर्मावर विश्वास नव्हता, ज्यांचा घटस्फोट झालेला होता, ज्यांचे दोघांचे धर्म वेगळे होते, त्यांना कचेरीत जावं लागे. तिथे चार ओळी वाचायच्या, सह्या करायच्या, पुढचं जोडपं दाराशी उभं. त्या वेळचे तिथले अॅटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांना हे खटकलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. चर्चमध्ये न जाणाऱ्या माणसालाही आपल्या लग्नाचा सोहळा मानाने व्हावा असं वाटतं, आणि तो त्याचा हक्क आहे. १९ जुलै १९७३ रोजी क्वीन्सलँडमधल्या लोईस डार्सी यांची पहिल्या सिव्हिल सेलिब्रंट म्हणून नेमणूक झाली. आज ऑस्ट्रेलियात होणाऱ्या दर पाच लग्नांपैकी साधारण चार सिव्हिल सेलिब्रंट लावतात. म्हणजे तुमची मुलगी काही जगावेगळं करत नाहीये. तिथे रूढ आहे तेच करते आहे.

मराठी माणसाने तर या गोष्टीचं नवल करायचं काहीच कारण नाही. १९७३ मधून बरोबर शंभर वर्षं वजा करा. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीने पहिलं लग्न लागलं. महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. ब्राह्मण पुरोहित नाही, संस्कृत मंत्र नाहीत. वधूवर सर्वांच्या देखत एकमेकांना मराठीत वचन देतात. मंगलाष्टकं मराठीत, फुल्यांनीच रचलेली, आणि त्यांत वधू नवऱ्याकडे बायकांच्या हक्कांविषयी शब्द मागते. सावित्रीबाईंनी अशा लग्नांत पुढाकार घेतला.

माझ्या बडोद्याचंही सांगायला हवं, नाहीतर बडोदेकर रागावतील. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१५ साली, बडोदा संस्थानात हिंदू पुरोहितांविषयी कायदा झाला. पुरोहिताने परीक्षा द्यावी आणि विधीचा अर्थ यजमानाला त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावा, असा त्याचा रोख होता. पुढे तमिळनाडूने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत स्त्रिया पौरोहित्य शिकतात आणि विधी करताना अर्थ मराठीत सांगतात. तेव्हा 'लग्नात काय बोललं जातंय ते लग्न करणाऱ्याला कळलं पाहिजे' ही मागणी आपल्याकडची जुनीच आहे.

आता पहिला प्रश्न. हे लग्न खरं का?

ऑस्ट्रेलियात अधिकृत सेलिब्रंटने, नियमाप्रमाणे लावलेलं लग्न पूर्णपणे कायदेशीर असतं. त्यानंतर पुन्हा कचेरीत जाऊन नोंदणी विवाह करावा लागत नाही. त्यासाठी काय लागतं ते क्रमाने सांगते. मुलांशी बोलताना उपयोगी पडेल.

सर्वांत आधी, लग्न करायचा इरादा असल्याची नोटीस. हा एक छापील अर्ज असतो. तो लग्नाच्या किमान एक महिना आधी सेलिब्रंटच्या हाती पोचावा लागतो, आणि पोचल्यापासून अठरा महिने चालतो. इथे कित्येक घरांची धांदल उडते. पत्रिका छापून झाल्या, हॉल ठरला, भारतातली तिकिटं निघाली, आणि नोटीस द्यायची राहिली. महिन्याच्या आतलं लग्न हवं असेल तर ठरावीक कारणांसाठीच सूट मिळते, आणि ती देणं सेलिब्रंटच्या हातात नसतं. तेव्हा मुलांना पहिला प्रश्न हॉलचा विचारू नका. नोटीस दिली का, ते विचारा.

नोटिशीबरोबर जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा लागतो. आपल्या लोकांचं काम पासपोर्टवर भागतं. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला लागतो. तो मराठीत किंवा गुजरातीत असेल तर इंग्रजीत अधिकृत भाषांतर करून आणावं लागतं. नागरिकत्वाची किंवा तिथे कायम राहत असल्याची अट नाही. फिरायला आलेलं जोडपंही लग्न करू शकतं.

लग्नाच्या दिवशी वधूवर, सेलिब्रंट आणि अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार प्रत्यक्ष हजर हवेत. व्हिडिओवरून लग्न लागत नाही. सेलिब्रंटने कायद्यात दिलेलं एक निवेदन सर्वांसमोर करायचं असतं. या नात्यात तुम्ही गांभीर्याने आणि बांधिलकीने पाऊल टाकत आहात. लग्न हे दोन व्यक्तींचं, इतर सर्वांना वगळून, स्वखुशीने आणि आयुष्यभरासाठी केलेलं मीलन आहे. असा त्याचा आशय. 'दोन व्यक्तींचं' हे शब्द डिसेंबर २०१७ पासूनचे. त्याआधी तिथे 'एक पुरुष आणि एक स्त्री' असं होतं. मग वधू आणि वर प्रत्येकी एक वाक्य म्हणतात. इथे जमलेल्यांना साक्षी ठेवून मी अमुक, तुला अमुकला, पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो अथवा स्वीकारते. झालं. सह्या होतात आणि सेलिब्रंट चौदा दिवसांत कागद सरकारी नोंदणी कचेरीकडे पाठवतो.

हे वाक्य ऐकून काहींच्या लक्षात आलं असेल. आपला १९५४ चा विशेष विवाह कायदाही हेच सांगतो. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, दोघांना कळणाऱ्या कोणत्याही भाषेत, एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं वाक्य म्हणायचं. बाकी विधी कोणता करायचा ते दोघांवर सोडलेलं आहे. कायद्याला एवढंसंच हवं असतं. उरलेला सगळा वेळ तुमचा.

एक कागद विसरू नका. लग्नाच्या दिवशी हातात मिळतं ते सुंदर नक्षीचं प्रमाणपत्र. पासपोर्ट, व्हिसा, बँक अशा कामांना सहसा ते चालत नाही. त्यासाठी नोंदणी कचेरीकडून वेगळा दाखला मागवावा लागतो. भारतात दाखवायचा असेल तर त्या दाखल्यावर ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्याकडून अपॉस्टिल करून घ्या.

आणखी एक गोष्ट फोनवर मला वारंवार सांगावी लागते. "आम्ही इकडे पुण्यात धुमधडाक्यात लग्न करून देतो, मग तिकडे तुम्ही कायद्याचं लावून द्या." हे मला करता येत नाही. भारतात सप्तपदी होऊन रीतसर लग्न लागलं असेल तर ते लग्नच आहे, आणि लग्न झालेल्या जोडप्याचं ऑस्ट्रेलियात पुन्हा कायदेशीर लग्न लावायला कायद्याची मनाई आहे. नोटिशीत वैवाहिक स्थिती लिहावी लागते, आणि तिथे खोटं लिहिणं हा गुन्हा ठरतो. अशा जोडप्यासाठी वचनांची उजळणी करणारा सोहळा करता येतो, स्नेहभोजन करता येतं, पण त्या दिवशी नवा दाखला तयार होत नाही. कायद्याचं लग्न कुठे आणि कोणत्या दिवशी, हे दोन्ही घरांनी एकत्र बसून आधी ठरवा.

इतर देशांत जाताना तर हा मुद्दा पहिल्यांदा तपासा, कारण सेलिब्रंट हा शब्द एकच असला तरी त्याचा अधिकार देशागणिक बदलतो. न्यूझीलंडमध्ये नोंदणीकृत सेलिब्रंट कायदेशीर लग्न लावू शकतो. स्कॉटलंडमध्ये मानवतावादी पद्धतीची लग्नं २००५ पासून कायदेशीर आहेत. पण त्याच ब्रिटनमध्ये, इंग्लंड आणि वेल्समध्ये, स्वतंत्र सेलिब्रंटने कितीही देखणा सोहळा केला तरी तेवढ्याने कायद्याच्या दृष्टीने लग्न होत नाही. रजिस्ट्रारसमोरचा भाग वेगळा उरकावा लागतो. फ्रान्समध्ये कायद्याचं लग्न नगरपालिकेत लागतं, जर्मनीत नोंदणी कचेरीत. तिथे सेलिब्रंट हा सोहळ्याचा माणूस. जोडप्याला हे माहीत असेल तर काही बिघडत नाही. माहीत नसेल तर आपण विवाहित आहोत असं समजून ते वर्षानुवर्षं राहतात, आणि कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, वारसाचा प्रश्न आला, की कपाट उघडून कागद शोधायला लागतात.

दुसरा प्रश्न. हे माणूस कोण, आणि निवडायचं कसं?

ऑस्ट्रेलियात अधिकृत सेलिब्रंटची यादी सरकार ठेवतं आणि ती कुणालाही पाहता येते. आम्हाला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, पुढेही नियमित प्रशिक्षण घ्यावं लागतं. देवळातल्या गुरुजींपैकी काहींकडे असा अधिकार असतो, काहींकडे नसतो. देऊळ मोठं आहे म्हणून अधिकार असेलच असं धरून चालू नका, सरळ विचारा. सेलिब्रंटची फी सरकार ठरवत नाही. मेलबर्नमध्ये ती साधारण हजार डॉलरच्या आसपास, थोडी कमी किंवा जास्त. कागदोपत्री लग्नच हवं असेल तर सरकारी रजिस्ट्री आहेच. मेलबर्नची रजिस्ट्री जुन्या ट्रेझरीच्या देखण्या इमारतीत आहे, आणि तिथल्या पायऱ्यांवर फोटोही छान येतात.

फी ठरवण्यापूर्वी एकदा भेटा. त्या भेटीत कोण किती बोलतं याकडे लक्ष असू द्या. सेलिब्रंट तासभर स्वतःच्याच आवाजाचं, सूत्रसंचालनाचं, केलेल्या लग्नांचं कौतुक सांगत राहिला तर दुसरा पाहा. चांगला सेलिब्रंट प्रश्न विचारतो. तुम्ही कसे भेटलात हा प्रश्न सगळेच विचारतात. मी विचारते, तुमचं पहिलं भांडण कशावरून झालं आणि आधी कोण बोललं? तुमच्या घरात चहा कोण करतं? लग्नात कोण असायला हवं होतं आणि नाहीये? या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळदा दोघंही गप्प होतात. मग एखादे आजोबा निघतात, व्हिसा न मिळालेला भाऊ निघतो. त्या माणसाचं नाव सोहळ्यात कुठे यावं ते आम्ही तिथेच ठरवतो.

मग विचारा: संहिता आधी वाचायला मिळेल का? बदल सुचवले तर करणार का? आजारी पडलात तर कोण येणार? माइक तुमचा की हॉलचा? आणि नावं. आपली नावं परक्या जिभेला अवघड जातात. 'ळ' तर तिथल्या कुणालाच येत नाही. प्रत्येक नाव तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, आणि तालमीच्या दिवशी म्हणून दाखवायला सांगा. भर मांडवात आजीचं नाव चुकीचं ऐकू आलं की पुढचं सगळं बाजूला राहतं आणि आजी तेवढंच घेऊन घरी जाते.

तिसरा प्रश्न. आपलं त्यात काय उरणार?

तुम्ही ठेवाल तेवढं. सिव्हिल सेलिब्रंटच्या लग्नात धार्मिक विधींना मज्जाव नाही. मी लावलेल्या लग्नांत मुंडावळ्या असतात, अंतरपाट असतो, सप्तपदी असते. गुरुजी आणि मी शेजारी शेजारी उभे राहिलो आहोत आणि आमचं छान जमलं आहे. पण त्यासाठी दोघांना एकमेकांची वेळ माहीत हवी. मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा असेल तर तो मला महिनाभर आधी कळू दे. तिथल्या लग्नात वधू पंधरा-वीस मिनिटं उशिरा येणं हे कौतुकाचं मानतात; आपल्याकडे मुहूर्त टळला की मामाचा जीव खालीवर होतो. बंद हॉलमध्ये होम करायचा तर हॉलवाल्यांची लेखी परवानगी काढा, धुराने गजर वाजतो आणि अग्निशमन दलाची गाडी दारात उभी राहते. अक्षता टाकायला बंदी असेल तर फुलांच्या पाकळ्या ठेवा.

आणि अर्थ सांगा. समोर निम्मे पाहुणे असे असतात की ज्यांना अंतरपाट म्हणजे पडदा का धरलाय तेच ठाऊक नसतं. दोन वाक्यांत सांगितलं, की हे दोघं आत्ता एकमेकांना पाहू शकत नाहीत, मंगलाष्टकं संपली की पडदा खाली येईल आणि ते पहिल्यांदा एकमेकांना वधूवर म्हणून बघतील, तर सगळा हॉल श्वास रोखून बघतो. गंमत म्हणजे या दोन वाक्यांनी आपल्याच मुलांचे डोळे भरून येतात. त्यांनी वीस लग्नांत अंतरपाट पाहिलेला असतो, पण अर्थ कधी कुणी सांगितलेला नसतो.

मुलांना स्वतःची वचनं लिहायची असतात तेव्हा ती इंटरनेटवरून उतरवून आणतात. सगळ्यांची सारखीच. मी त्यांना म्हणते, उखाणा आठवा. आपल्याकडे भरल्या पंगतीत सगळ्यांच्या देखत जोडीदाराचं नाव घ्यायची रीत आहे. उखाणा चांगला कधी होतो? त्यात त्या घरातलं, त्या माणसातलं काहीतरी असतं तेव्हा. वचनाचंही तसंच. एका मुलाची होणारी बायको रुग्णालयात नर्स होती. त्याने आधी चंद्रताऱ्यांचं लिहून आणलं होतं. आम्ही ते बाजूला ठेवलं. लग्नात तो मराठीत म्हणाला, "तू रात्रपाळी करून येशील तेव्हा घरात कुणीतरी जागं असेल." एवढंच. तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला. मग मी त्याचा अर्थ इंग्रजीत सांगितला, तेव्हा दुसरी बाजूही रडली.

घरातल्या मोठ्यांनाही काम द्या. मंगलाष्टकं घरच्यांनी रचून म्हणायची पद्धत आपल्याकडे आहेच. काकूने रचलेल्या मंगलाष्टकात वृत्त ढासळलं तरी चालतं, पण भाचीचं लहानपण त्यात येतं. माझी संहिता कितीही चांगली असो, ते काम काकूचंच.

आता एक गोष्ट सांगते. ओळख पटेल असं काही त्यात नसेल.

जून २०२४ पासून ऑस्ट्रेलियात नियम आहे, की सेलिब्रंटने लग्नापूर्वी वधू आणि वर दोघांना वेगवेगळं, प्रत्यक्ष भेटायचं. दोघंही आपल्या मर्जीने लग्न करत आहेत याची खात्री करून घ्यायची. जबरदस्तीचं लग्न हा तिथे २०१३ पासून गुन्हा आहे. मी आधीपासूनच दोघांना वेगवेगळी भेटत असे. आता ते सगळ्यांनाच करावं लागतं. बहुतेक वेळा ही भेट दहा मिनिटांची असते, मुली हसतात आणि म्हणतात, "मावशी, एवढं गंभीर का विचारताय?"

एकदा एक मुलगी हसली नाही. मी विचारलं, "हे लग्न तुला करायचंय ना?" ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "करायचंय. पण आत्ता नाही. हे बोलायला मला कुठे जागाच मिळाली नाही." लग्न नऊ दिवसांवर होतं. मुलाच्या व्हिसाची मुदत संपत आली होती म्हणून तारीख पुढे ओढली होती. दोन्हीकडचे मिळून बावीस पाहुणे भारतातून यायचे होते, काही आलेही होते. मुलगा वाईट नव्हता, घरंही वाईट नव्हती. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने सगळ्यांचे हिशेब मनात मांडले होते आणि त्यात आपला हिशेब मांडायचा राहिला होता.

मी तिला एवढंच सांगितलं, की तू नाही म्हणालीस तर मी हे लग्न लावणार नाही, आणि कारण मी कुणाला सांगणार नाही. घरी काय आणि कसं बोलायचं ते तू ठरव. दुसऱ्या दिवशी तिने घरी सांगितलं. त्या दिवशी मला आलेले फोन मी विसरणार नाही. तिचे वडील म्हणाले, "तुम्हाला पैसे लग्न लावायला दिलेत, मोडायला नाही." मी म्हटलं, "काका, लग्न मोडलेलं नाही. पुढे गेलंय. आणि माझी फी परत पाठवते." ते फोन ठेवून गेले. चार दिवसांनी पुन्हा त्यांचाच फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाले, "मी तिला कधी विचारलंच नव्हतं हो." पुढे त्या दोघांचं काय झालं ते सांगायचा अधिकार मला नाही.

माझ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, असं मला वाटतं. फुलं, माइक, संहिता हे सगळं नंतरचं. एका बंद खोलीत, कुणी ऐकत नसताना, त्या माणसाला विचारायचं की तुला हे हवंय का. आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबायचं. असा माणूस तुमच्या मुलांच्या लग्नात असेल तर तुम्ही निर्धास्त व्हायला हरकत नाही.

सेलिब्रंट लग्नापुरता नसतो, हेही थोडक्यात सांगते. बारशाला मला बोलावतात तेव्हा मी आधी विचारते, आत्या कुठे आहे? आपल्याकडे नाव बाळाच्या कानात आत्या सांगते. ते काम माझं नाही. एकदा आत्या नाशिकला होती. आम्ही फोन बाळाच्या कानाशी धरला आणि तिने तिकडून कुर्र केलं. मी फक्त पाहुण्यांना सांगितलं की आत्ता इथे काय झालं.

अंत्यविधीचं मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण त्याची तयारी कुणी करत नाही. तिथे अंत्यविधी चालवायला कायद्याने सेलिब्रंटचा परवाना लागत नाही. घरचं कुणीही चालवू शकतं. पण त्या दिवशी घरच्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. दहनगृहाच्या सभागृहाची वेळ मोजून मिळते. तेवढ्या वेळात मंत्र, फुलं, दोन शब्द, आणि इकडे भारतात पहाटे उठून पडद्यावर बघत बसलेले नातेवाईक. अशा वेळी मी घरच्यांशी आदल्या दिवशी दोन तास बोलते. सगळे म्हणतात, आई फार प्रेमळ होती, पुरणपोळी छान करायची. मी विचारते, अवेळी पाहुणा आला तर त्या काय करायच्या? रागावल्या की काय म्हणायच्या? मग एक मुलगा म्हणतो, रागावली की ती एकदम शुद्ध मराठी बोलायची. आणि ती बाई त्या खोलीत येते. दुसऱ्या दिवशी तिची नातवंडं, ज्यांना मराठी धड येत नाही, तीही आजी कोण होती ते ऐकून घरी जातात. आपल्या आईवडिलांच्या अशा चार गोष्टी ते असताना लिहून ठेवा. यात अशुभ काही नाही.

शेवटी, फोन करणाऱ्या सगळ्या आईवडिलांना जे सांगते तेच सांगते. मुलं म्हणाली की सेलिब्रंट ठेवतोय, तर चार प्रश्न विचारा. त्या देशात त्या माणसाला कायद्याचा अधिकार आहे का? नोटीस दिली का? आम्हाला कळेल अशा भाषेत किती बोललं जाणार आहे? आणि आमच्याकडून तुम्हाला काय हवंय? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर येईल तेव्हा कागद-पेन घेऊन बसा. लेकीबद्दल, लेकाबद्दल दहा ओळी लिहा, मराठीत, जसं बोलता तसं. त्या सेलिब्रंटला पाठवा आणि सांगा की हे मला स्वतः वाचायचं आहे. व्हिसा मिळाला नाही तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा.

लग्न लावणारं माणूस परकं असेलही. तुमच्या दहा ओळी मात्र त्याला लिहिता येणार नाहीत.